नांगर टाकल्यानंतरचा दिवस

बडोद्याला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो की कोचीमध्ये काय काय पाहिले, आणि मी खरे ते सांगायचे म्हणून "धोबीखाना" असे उत्तर देते तेव्हा समोरच्याचा चेहरा पडतो. दांडिया बाजारातल्या आमच्या मावससासूबाईंनी तर "एवढ्या लांब शिडाच्या बोटीतून गेलात आणि कपडे धुवून आलात होय!" असे म्हणून विषयच संपवला. त्यांचे अगदीच चुकले असेही मला म्हणता येत नाही. लांबच्या समुद्रप्रवासात, विशेषतः मुले बरोबर असताना, जमिनीवरचा दिवस कसा जातो याची मलाही निघण्यापूर्वी काहीच कल्पना नव्हती, म्हणून तो एक दिवस जसा गेला तसा लिहून ठेवते आहे.

आम्ही दोघे, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि माझे थोरले दीर अशी पाच माणसे डिसेंबरच्या अखेरीस मुंबईहून निघालो. भाऊजींची सारी नोकरी व्यापारी जहाजांवर गेली. निवृत्तीनंतर त्यांनी ३८ फुटांची एक जुनी शिडाची बोट घेतली, दोन वर्षे तिच्यावर स्वतः खपले, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत जाऊन परत यायचे असा बेत जाहीर केला. त्यात आम्हाला ओढले तेही त्यांनीच. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली ज्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, त्या राज्याच्या राजधानीत शाळेकडे दोन मुलांसाठी सहा आठवड्यांची रजा मागायला जाणे मला समुद्रात उतरण्याहून अवघड वाटले होते. रजा मिळाली, पण वह्या-पुस्तके बरोबर नेऊन रोजचा अभ्यास रोज करून घेण्याच्या अटीवर.

तोवर मुलांचा समुद्र म्हणजे कावी-कंबोईचे स्तंभेश्वर महादेव. भरती आली की पिंड आणि मंदिर पाण्याखाली जाते, ओहोटी लागली की पुन्हा वर येते, आणि माणसे घड्याळ बघून दर्शनाला जातात. खंभातच्या आखातात उधाणाच्या वेळी पाणी दहा मीटरहून अधिक चढते-उतरते, त्यामुळे समुद्र ही येणारी आणि जाणारी गोष्ट आहे अशी आमच्या धाकट्याची ठाम समजूत होती. कोचीत पाणी जेमतेम मीटरभर हलते हे कळल्यावर त्याला तो त्या बंदराचा कमीपणा वाटला.

मंगळूर ते कोची हा आमच्या प्रवासातला सर्वांत लांब टप्पा होता. संध्याकाळी चारला निघून दोन रात्री आणि मधला एक पूर्ण दिवस न थांबता चालायचे होते. अभ्यासाची अट इथे कामाला आली. मंगळूर सुमारे १२ अंश ५२ मिनिटांवर आणि कोची सुमारे ९ अंश ५८ मिनिटांवर आहे, आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, एवढे भाऊजींनी सांगितल्यावर मुलीने वजाबाकी करून १७४ मैल असा आकडा काढला. किनारा सरळ दक्षिणेला न जाता पूर्वेकडे कलत जातो आणि वाऱ्यासाठी वळणेही घ्यावी लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात १९० मैल झाले, तेव्हा तिने ती चूक वाऱ्याच्या नावावर मांडली. भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे रोजच्या रोज हजेरी लावत होते: दुपारी समुद्राकडून जोरदार वारा येऊन बोट पळत असे, तर मध्यरात्रीनंतर जमिनीकडून येणारी झुळूक इतकी मवाळ असे की शिडे नुसती फडफडत आणि इंजिन लावावे लागे. रात्री मच्छीमारांच्या जाळ्यांचे लहान दिवे चुकवत आम्ही तिघे मोठी माणसे तीन-तीन तासांच्या पाळीने जागलो. या सगळ्यात झोप किती झाली हे सांगण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास फोर्ट कोची आणि वायपिन यांच्यामधल्या तोंडातून आम्ही आत शिरलो. भाऊजींनी वाटेतच वायरलेसच्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर बंदराला हाक घालून बोटीचे नाव, माणसे किती आणि आधीचे बंदर कोणते हे सांगितले होते, आणि मोठ्या जहाजांच्या वाटेपासून दूर राहण्याची सूचना घेतली होती. बोळगट्टी बेटाच्या बाजूला पाच मीटर खोलीत आम्ही नांगर टाकून ३० मीटर साखळी सोडली. तळाशी गाळ असल्यामुळे नांगर लगेच रुतला. मात्र तासाभरात ओहोटीबरोबर जलपर्णीचे हिरवे तराफे वाहत येऊन साखळीला अडकू लागले, आणि ते लांब काठीने ढकलून देणे हे पुढचे तीन दिवस धाकट्याचे अधिकृत काम झाले.

पहिला दिवस कागदपत्रांतच गेला. त्याविषयी फार लिहीत नाही, पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. निघण्यापूर्वी भाऊजींनी मला बडोद्यातून बोटीच्या नावाचा एक गोल रबरी शिक्का करून आणायला सांगितले होते, आणि पाच माणसांच्या घरगुती बोटीला शिक्का कशाला, असे म्हणत मी तो हसत-हसत करून आणला होता. कोचीत एका कार्यालयात आमचा अर्ज दोनदा परत आला. एकदा मुलांची नावे खलाशांच्या रकान्यात लिहिली म्हणून, आणि दुसऱ्यांदा ती प्रवाशांच्या रकान्यात लिहिली म्हणून. तीन तासांनी, तोच अर्ज तीन प्रतींत, प्रत्येक पानावर गोल शिक्का मारून पुढे केल्यावर पलीकडच्या गृहस्थांनी एक शब्दही न वाचता तो ठेवून घेतला. त्या शिक्क्याला आम्ही त्या दिवसापासून नुसता शिक्का म्हणत नाही, शिक्कामहाराज म्हणतो.

रात्री यादी केली. पिण्याचे पाणी, डिझेल, गॅसचे लहान सिलिंडर, भाजी, फळे, कपडे, टाचा गेलेल्या सपाता, मुलीच्या गणिताच्या वह्या, धाकट्याचे केस, कानात घालायचे औषध, मोबाइलचे रिचार्ज, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिनातले ते रबरी चाक, ज्याच्यामुळे समुद्राचे पाणी आत खेचले जाऊन इंजिन थंड राहते. त्याच्या दोन पाकळ्यांना चिरा गेल्या होत्या. एकूण १७ गोष्टी झाल्या. यादीच्या शेवटी मुलीने पेन्सिलीने "कोची पाहणे" असे अठरावे काम लिहिले.

कामे वाटून घेतली. नांगरावर उभ्या असलेल्या बोटीत एक जाणते माणूस कायम असले पाहिजे हा भाऊजींचा नियम होता, आणि ते माणूस ते स्वतःच असत. पाणी, डिझेल आणि इंजिनाचे काम यांच्याकडे, म्हणजे माझ्या पतींकडे, आणि बाकी सगळे, मुलांसकट, माझ्याकडे आले. समुद्रावर सुकाणू भाऊजींच्या हातात असते, पण किनाऱ्यावर पाय ठेवला की ते गुपचूप गृहिणीच्या हातात दिले जाते, हे मला गोव्यापासूनच कळून चुकले होते.

पाण्याचा हिशेब थोडा सविस्तर सांगते, कारण घरी नळ सोडणाऱ्या माणसाला तो खरा वाटत नाही. आमच्या टाकीत ३०० लीटर पाणी मावते. पिणे, स्वयंपाक आणि तोंड धुणे मिळून माणशी चार लीटर, म्हणजे दिवसाला वीस लीटर, असा शिधा ठरलेला होता. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी गोड्या पाण्याचा एक हात फिरवायचा, आणि भाताला तीन वाट्या गोडे पाणी व एक वाटी समुद्राचे घालून मीठ वगळायचे. समुद्राच्या एका लीटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे प्रमाण थोडे जरी चुकले तरी तो भात कोणी खाऊ शकत नाही, हेही आम्ही अनुभवाने शिकलो. बंदरातल्या पाण्याला मात्र अशा कामासाठी हात लावायचा नाही. कोचीला पोहोचलो तेव्हा टाकीत निम्म्याहून कमी पाणी उरले होते. वीस लीटरचे आठ कॅन भरून आणायचे, तर एकेक कॅन वीस किलोचा, आणि आमच्या फुगवलेल्या छोट्या डिंगीत एका वेळी एक माणूस आणि तीन कॅन एवढेच नीट बसत होते. मरिनाच्या धक्क्यावरच्या नळापासून बोटीपर्यंत माझ्या पतींनी तीन खेपा केल्या. त्या दिवशी त्यांनीही कोची पाहिले नाही.

सकाळी आठला आम्ही निघालो. डिंगीत बसायचा क्रम ठरलेला असतो: आधी एक मोठे माणूस, मग एकेक मूल, मग सामान, आणि शेवटी दोर सोडणारा. लाइफ जॅकेटशिवाय कोणी पायरीवरसुद्धा उतरायचे नाही, आणि हा नियम मोडला तर त्या बंदरातले आइसक्रीम बंद. मोठाल्या दोन पोत्यांत कपडे भरले होते. खाऱ्या पाण्याने भिजलेला कपडा कितीही वाळवला तरी वाळत नाही, कारण त्यात राहिलेले क्षार हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतात, आणि संध्याकाळ झाली की चादर, उशी, सदरा सगळे चिकट होऊन अंगाला लागते. तीन आठवड्यांच्या त्या चिकटपणाला मी इतकी कंटाळले होते की यादीतल्या सोळा गोष्टी राहिल्या तरी चालतील, पण कपडे गोड्या पाण्यात धुतले गेलेच पाहिजेत, असे मी मनाशी ठरवले होते.

आम्हाला उतरायचे होते बोळगट्टीवर आणि जायचे होते फोर्ट कोचीला, म्हणजे जमिनीवरच्या दिवसाची सुरुवातही बोटीनेच झाली. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. बॅटरीवर चालणाऱ्या तिच्या वातानुकूलित बोटी कोचीच्याच जहाजबांधणी कारखान्यात तयार झाल्या आहेत, आणि धक्के तरंगते असल्यामुळे भरती असो वा ओहोटी, बोटीची आणि धक्क्याची पातळी एकच राहते. मला ही सारी व्यवस्था फारच आवडली. हायकोर्टच्या धक्क्यावर बोट बदलताना धाकट्याने मात्र जमिनीवर नेते म्हणाली होतीस, असे म्हणून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरू शकत नाही.

फोर्ट कोचीला रस्त्यावर पाय ठेवल्यावर दोन्ही मुले जागच्या जागी थांबली. "आई, रस्ता हलतोय," असे धाकटा म्हणाला आणि थोरलीने माझा हात धरला. मलाही तसेच होत होते. डोलणाऱ्या बोटीत तोल सांभाळण्याची शरीराला सवय झाली की स्थिर जमिनीवरही मेंदू काही वेळ तोच हिशेब चालू ठेवतो, आणि उभ्या भिंती सावकाश झुकल्यासारख्या वाटतात. भाऊजींनी सांगून ठेवले होते की बसून राहू नका, चालत राहा, अर्ध्या दिवसात जाते. समुद्र लागू नये म्हणून मंगळूरपर्यंत आलेपाक चघळणाऱ्या मुलांना जमीन लागली, याचे मला त्या वेळी हसू आले नाही, आता येते.

रिक्षाने वेळीच्या धोबीखान्यात गेलो. मी मनात बडोद्याच्या घाटासारखे काहीतरी धरून चालले होते, पण एका आवारात दगडी हौदांची ओळच्या ओळ, प्रत्येक हौदापुढे आपटायचा दगड, मागे मोठे मोकळे मैदान आणि त्यात काथ्याच्या दोरांच्या कितीतरी रांगा, असा तो प्रकार होता. इथे काम करणारी तमिळ वण्णार समाजाची कुटुंबे आहेत. डच अमलात सैनिकांचे कपडे धुण्यासाठी आपल्या पूर्वजांना इकडे आणले गेले, असे ती सांगतात. कपडे वाळत घालायला इथे चिमटे वापरत नाहीत. दोन दोर पीळ घालून एकत्र वळलेले असतात, आणि त्या पिळाच्या मध्ये कपड्याचे टोक खोचले की वाऱ्याने ते निघत नाही. धाकटा हे पाहून एकदम शुद्धीवर आल्यासारखा झाला. बोटीत तीन आठवडे दोरांच्या गाठी शिकलेल्या मुलाला इतकी सोपी युक्ती काकांना माहीत नसावी याचा त्याला आनंद झाला, आणि त्याने ती करून दाखवण्याची परवानगी खुणांनी मागून दोन रुमाल स्वतः खोचले.

ज्या वयस्क बाईंनी आमची पोती उघडली त्यांनी पहिलाच सदरा हातात घेऊन जिभेला लावल्यासारखा नाकाशी नेला आणि "कडल," एवढेच म्हटले. कडल म्हणजे समुद्र, एवढे मला समजले. तोडक्या हिंदीत त्यांनी मला समजावले की आधी नुसत्या पाण्यात दोनदा भिजवून खार काढावा लागेल, मग साबण, मग खळ, आणि खळ तांदळाच्या पाण्याची. इस्त्री कोळशाची. आज द्या आणि आजच न्या हे जमणार नाही, उद्या चारला या. मी आणखी एक दिवस थांबायचे आहे असे मनातल्या मनात ठरवून मान डोलावली, आणि भाऊजींना न विचारता प्रवासाचे वेळापत्रक चोवीस तास पुढे ढकलले. बाईंनी प्रत्येक कपड्याच्या आतल्या कडेला न पुसणाऱ्या शाईने एक छोटी खूण केली: एक उभी रेघ आणि तीन ठिपके. थोरलीने ही कोणत्या भाषेतली लिपी आहे असे विचारले. मी सांगितले की ती धोब्यांची लिपी आहे आणि ती दुसऱ्या कोणाला येत नाही.

तिथून चालत निघालो, ते भाजीसाठी म्हणून. मट्टांचेरीकडे जाताना थोरली एका पाटीपुढे थांबली. पाटीवर गुजराती अक्षरे होती. पुढे दुसरी पाटी, तिच्यावरही गुजराती. आम्ही ज्या रस्त्यावर होतो त्याचे नावच गुजराती रोड आहे, हे मला नंतर कळले. व्यापारासाठी कच्छ-सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे इथे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत, त्यांची शाळा आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले धर्मनाथ भगवानांचे संगमरवरी जैन देरासर आहे. दुपारी तिथे कबुतरांना दाणे घालतात. आम्ही नेमके त्या वेळी पोहोचलो आणि पंखांच्या आवाजात काही क्षण एकमेकांचे बोलणे ऐकू आले नाही. मंगळूरपासून आमच्या कानावर पडणारी एकही भाषा मुलांना कळत नव्हती, त्यामुळे ती खुणांच्या आणि हसण्याच्या आधारे वावरत होती. इथे एका फरसाणाच्या दुकानात शिरताच धाकट्याने "काका, गाठिया छे?" असे इतक्या सहज विचारले की जणू आपण रावपुऱ्यात आहोत.

दुकानाचे वृद्ध मालक उठून पुढे आले. कुठले, असे त्यांनी विचारल्यावर थोरलीने अभिमानाने सांगितले, "अमे मांडवी पासे रहीए छीए." आमचे घर मांडवीच्या दरवाजांपासून पाच मिनिटांवर आहे, तेव्हा हे अगदी खरे होते. त्यावर त्यांनी दोन्ही हात जोडून "लो, अमे पण मांडवीना!" असे म्हटले आणि आतून पाणी मागवले. त्यांची मांडवी कच्छची, समुद्रावरची, जिथे आजही लाकडी वहाणे, म्हणजे गलबते, बांधतात, आणि आमची मांडवी बडोद्याच्या भर वस्तीतली, जिथून समुद्र दिसायचा तर कावीपर्यंत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जावे लागते. आम्ही शिडाच्या बोटीतून आलो आहोत हे ऐकल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. त्यांचे पणजोबाही असेच वहाणातून आले होते म्हणे. मी तीन वेळा खुलासा करायला तोंड उघडले, पण तोपर्यंत मुलांच्या पुढ्यात पापडी, संभारो आणि तळलेल्या मिरच्या आल्या होत्या. शेवटी आडनाव सांगताना मराठी असल्याचे उघड झाले, तेव्हा ते खूप वेळ हसले, आणि गाठियाचे पैसे घ्यायचे नाहीत हा निर्णय त्यांनी तरीही बदलला नाही. वह्या कुठे मिळतील, कानाचे औषध कोणत्या दुकानात, केस कापणारा कोण, हे सगळे त्यांनी एका मुलाला बरोबर देऊन दाखवले. यादीतली पाच कामे त्या एका गैरसमजामुळे पाऊण तासात झाली.

बाराच्या पुढे ऊन चढले. वास्को द गामाला १५२४ मध्ये जिथे प्रथम पुरले होते ते सेंट फ्रान्सिस चर्च वाटेतच होते, आणि अठराव्या कामाला न्याय द्यावा म्हणून मी मुलांना आत नेले. त्याचे अवशेष पुढे १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले हे वाचून झाल्यावर थोरलीने मग आता इथे काय आहे, असे रास्त विचारले. धाकट्याचे लक्ष वर टांगलेल्या लांब कापडी पंख्यांकडे होते. ते दोरांनी बांधलेले आहेत आणि पूर्वी बाहेर बसलेला माणूस ते दोर ओढत असे, हे कळल्यावर त्याने इथेही दोरच ओढायचा आहे तर, असे म्हणून बाकावर मान टाकली. किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांपाशी तर त्याने जायलाच नकार दिला. प्रचंड लाकडी तुळया, दुसऱ्या टोकाला वजनासाठी बांधलेले दगड, आणि चार-पाच माणसे मिळून दोर ओढून वर काढत असलेले जाळे. पाहणाऱ्यांची गर्दी होती, पण आमच्यासाठी ते बोटीवरचेच काम होते.

आणि मग तो रडायला लागला. काही झाले नव्हते. उन्हात मी दोन पिशव्या, एक कोबी आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते, अजून टोमॅटो, लिंबे, कांदे, सपाता आणि रिचार्ज राहिले होते, आणि हा रस्त्याच्या कडेला बसून मोठमोठ्याने रडत होता. मी आधी समजावले, मग रागावले. थोरलीनेच सांगितले, "आई, त्याला पळायचंय." आमची बोट ३८ फुटांची. तिच्यात आठ वर्षांच्या मुलाला सलग पाच पावलेसुद्धा पळता येत नाहीत, आणि पळायला लागला की तीन माणसे एकदम ओरडतात. तीन आठवडे तो शहाण्यासारखा हळू चालला होता, आणि जमिनीवर आल्यावरही मी त्याला सकाळपासून हात धरून हळूच चालवत होते.

परेड मैदान जवळच होते. तिथे काही मुले फुटबॉल खेळत होती. धाकट्याने चप्पल काढली, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि चेंडूकडे न जाता मैदानाच्या कडेने नुसता धावत सुटला. एक फेरी, दुसरी, तिसरी. चौथ्या फेरीला थोरलीही गेली, जी एरवी आपण मोठे झालो असे दिवसातून दोनदा सांगते. मी झाडाखाली पिशव्यांमध्ये बसून राहिले. पुढच्या प्रत्येक बंदरात मी पहिला तास मैदानासाठी राखून ठेवला आणि यादी नंतर उघडली. हे मला कोणी आधी सांगितले असते तर मुंबई आणि कोची यांच्यामधली तीन-चार रडारडीची प्रकरणे टळली असती. नंतर त्या मुलांनी दोघांनाही खेळात घेतले, भाषेचा प्रश्न कोणालाच पडला नाही, आणि टोमॅटो राहिले ते राहिलेच.

परतीची वेळ मी चुकवली. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि त्याच वेळी ओहोटी बाहेर वाहत असेल तर वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून येऊन बंदराच्या आतही आखूड, उभ्या लाटा उठतात, म्हणून चारच्या आत धक्क्यावर या, असे भाऊजींनी सांगितले होते. आम्ही पावणेसहाला पोहोचलो. हे डिंगी घेऊन उभे होते, कपाळाला ग्रीस लागलेले आणि चेहऱ्यावर समाधान, कारण मासेमारीच्या बोटींचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात त्यांना जुन्या चाकाशी तंतोतंत जुळणारे रबरी चाक मिळाले होते, एक नव्हे तर दोन. गॅसचे सिलिंडर मात्र मिळाले नव्हते. चारशे मीटरच्या त्या अंतरात आम्ही चौघेही कमरेपर्यंत भिजलो. वह्या मी डोक्यावर धरल्या होत्या, कोबी पायात लोळत होता, आणि बोटीवरून भाऊजी एक शब्दही न बोलता दोर घेऊन उभे होते, ते न बोलणेच पुरेसे होते. वर चढल्यावर मी त्यांना सांगितले की उद्या निघता येणार नाही, कपडे चारला मिळतील. त्यांनी थोडा विचार करून विचारले, "खळ घालणार आहेत का?" मी हो म्हटले. मग थांबू, असे ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडक इस्त्रीचे दोन गठ्ठे आले. त्या रात्री चादरीवर कुशीवर वळले की कागदासारखा आवाज होत होता, आणि तांदळाच्या खळीचा वास अख्ख्या केबिनमध्ये भरून राहिला होता. परतीच्या वाटेवर तिसऱ्या रात्री एक लाट खिडकीतून आत आली आणि सगळे पुन्हा चिकट झाले.

बडोद्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कपडे आमच्या नेहमीच्या धोब्याकडे गेले. धाकट्याच्या निळ्या सदऱ्याची ती आतली खूण त्यांनी उलटून पाहिली, हे कुठले काम आहे असे विचारले, आणि कोचीचे म्हटल्यावर नुसते "हं" म्हणून एक उभी रेघ आणि तीन ठिपक्यांच्या शेजारी आपली खूण करून सदरा गठ्ठ्यात टाकला.